मातीच्या धरणाचा वर्ग कशावरून ठरवायचा: भिंतीवरून की खालच्या वाडीवरून?

वाशिष्ठीकाठ: चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. साठा जेमतेम अडीच दशलक्ष घनमीटर. १९८५ च्या भारतीय मानकात दहा दशलक्षाच्या आतला साठा 'लहान' धरणाचा. साठ्याने लहान अशा त्या धरणाने खालची भेंदवाडी धुऊन नेली, वीसच्या आसपास माणसं गेली. उंची आणि साठा मोजणं पुरे झालं, खाली उंबरे किती ते मोजा आणि त्यावर वर्ग ठरवा.

बाभूळबन: उंबरे मोजून गळती थांबते का? तिवऱ्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. फुटल्यावर मंत्र्यांनी खापर फोडलं खेकड्यांवर! वरचा वर्ग लिहिला असता तरी भिंत तीच राहिली असती. आमच्या पाझर तलावाच्या भरावावर मनगटाएवढ्या बाभळी उभ्या आहेत. तोडायला निधी नाही म्हणतात, आणि तुम्हाला आणखी एक रजिस्टर हवंय.

वाशिष्ठीकाठ: रजिस्टर नाही हो. वरचा वर्ग मिळाला की धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा, आपत्कालीन आराखडा, रात्री कोणी कोणाला उठवायचं हे सगळं मागता येतं. भेंदवाडीला कोणी उठवलं?

निवृत्त शाखा अभियंता: तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. फुटलं तर खाली काय होईल, हा धोक्याचा वर्ग. भिंतीची तब्येत कशी आहे, हा त्रुटींचा वर्ग. नाशिकची धरण सुरक्षितता संघटना त्याचे तीन वर्ग करते, पहिला सर्वांत गंभीर. ठणठणीत धरणसुद्धा धोक्याच्या सर्वांत वरच्या वर्गात असू शकतं. त्यात त्याची बदनामी नाही.

बाभळींचं मात्र खरं आहे. मूळ कुजलं की पाण्याला आयती वाट मिळते. मातीचं धरण थोडं पाझरतंच, पण मी पायथ्याच्या चरातलं पाणी काचेच्या ग्लासात धरून उन्हात बघायचो. नितळ असलं तर नोंद करून पुढे जायचं. गढूळ दिसलं तर आतली माती चालली, त्या दिवशी घरी जायचं नाही. अमेरिकेतलं टेटन धरण, ५ जून १९७६: सकाळी गढूळ पाझर दिसला, दुपारी बाराच्या आत धरण गेलं.

बाभूळबन: मग ग्लास धरायला माणूस द्या, वर्ग कशाला?

निवृत्त शाखा अभियंता: माणूस एकच असतो, साहेब. माझ्याकडे चौदा तलाव होते. पावसाळ्यात आधी कुठल्या तलावावर जायचं, हे वर्गच सांगतो.

वाशिष्ठीकाठ: पण काका, २०२१ चा धरण सुरक्षा कायदा अजून उंचीवरच अडलाय. पंधरा मीटरच्या वरची धरणं सरसकट, दहा ते पंधरामधली अटींवर. नऊ मीटरच्या तलावाखाली शाळा असली तरी तो बाहेर.

बाभूळबन: सगळे तलाव आत घेतलेत तर काकांचे चौदाचे चाळीस होतील. तपासणी मग टेबलावरच.

निवृत्त शाखा अभियंता: तीही पाहिलीय. पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा अहवाल, दोन्हींवर एकाच दिवसाची शाई.

ओढ्याकाठचा: मध्येच विचारतो. आमच्या तलावाखाली ओढ्याला लागून गेल्या तीन वर्षांत गुंठ्यांचे प्लॉट पडले, घरंही उभी राहिली. भिंत जुनीच. मग वर्ग बदलला का?

निवृत्त शाखा अभियंता: घर उभं राहिलं त्या दिवशीच बदलला. कागदावर कधी बदलेल ते विचारू नका.

बाभूळबन: मग आधी प्लॉट पाडणाऱ्याला धरा ना!