वृद्धाश्रम बघायला गेलात तेव्हा काय काय तपासलंत? (अनुभव धागा)

टेकडीवरची
काल माळ्यावरून दिवाळीचे डबे काढताना २०१७ ची डायरी डोक्यात पडली. बँकेतून फुकट मिळालेली. उघडली तर आईसाठी वृद्धाश्रम बघत फिरत होतो तेव्हाच्या नोंदी. दोन महिने, अकरा ठिकाणं, दादा आणि मी, दादाची स्कूटर. पुण्याच्या चारी दिशा झाल्या होत्या. विसरलेच होते मी हे सगळं. डबे तसेच ठेवून जमिनीवर बसून वाचत राहिले.

काही नोंदी जशाच्या तशा:
"क्र. ३. बाग छान. बाक, तुळस. बाकावर कोणीच नाही. बागेच्या दाराला कुलूप, किल्ली मावशींकडे, मावशी बाजारात."
"क्र. ५. फिनेलचा वास फार. का?"
"क्र. ७. दादाने बेल दाबली. मी घड्याळ लावलं. १४ मिनिटं."

क्र. ६ आम्हाला सगळ्यात आवडलं होतं. सकाळी अकराला गेलो होतो, भजन चालू, पांढऱ्या चादरी, मॅनेजर गोड बोलणारे. डिपॉझिटचा चेक लिहायचा फक्त बाकी. संध्याकाळी दादाच्या लक्षात आलं की हेल्मेट तिथेच राहिलं. परत गेलो तर साडेसहाला तिथे रात्र झाली होती. जेवणं उरकलेली, दिवे बंद, सगळे पलंगावर. सात वाजता दिवसपाळीच्या मावशी घरी जातात, म्हणून त्याआधी सगळ्यांना झोपवून टाकायचं. एक आजी अंधारात जाग्या होत्या, नुसत्या छताकडे बघत. आम्ही हेल्मेट घेतलं आणि आलो.

शेवटी क्र. ९ घेतलं. इमारत रंग उडालेली. पण आम्ही गेलो तेव्हा एक आजी मॅनेजरना भाजीत मीठ नाही म्हणून फाडफाड बोलत होत्या आणि ते खाली मान घालून ऐकत होते. दादा बाहेर येऊन म्हणाला, इथे भांडता येतं, आईला जमेल. आई तिथे साडेतीन वर्षं राहिली आणि पुष्कळ भांडली.

परवा शेजारच्या काकूंच्या मुलाने विचारलं, नक्की काय बघायचं असतं. म्हणून हा धागा. तुमचे अनुभव लिहा. ठेवावं की ठेवू नये हा वाद इथे नको, त्यावर छप्पन्न धागे आधीच आहेत.

चकलीभाजणी
टाचा बघा. तिथे राहणाऱ्यांच्या टाचा. सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

गवती चहा
साडेसहाला रात्र... पोटात गोळा आला. बाबा मार्चपासून आहेत एका ठिकाणी. मी कायम रविवारी दुपारीच जाते.

माजी बँकवाला
बोर्डावर 'रजिस्टर्ड' बघून भुलू नये. मी भुललो होतो म्हणून सांगतो. तो नंबर बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडचा असतो, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचा. म्हणजे ट्रस्टची नोंद, विश्वस्त कोण, हिशोब भरले का. आजोबा बाथरूममध्ये घसरले का, हे त्यात कोणी विचारत नाही. नर्सिंग होमसाठी आपल्याकडे १९४९ पासून नोंदणीचा वेगळा कायदा आहे. वृद्धाश्रम त्यात बसत नाही, कारण तो म्हणतो आम्ही दवाखाना नाहीच. आणि जाहिरातीत मात्र २४ तास नर्स!

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, असं कोणीतरी म्हणेलच. आहे. त्यात मुलांकडून पोटगी मागायची सोय आहे, प्रांतांसमोर अर्ज करायचा. कलम १९ मध्ये सरकार दर जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू शकतं असं आहे. 'शकतं' या शब्दावर पेन्सिलीने खूण करा. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं होतं. स्थायी समितीकडे गेलं, पुढे त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे तपासनीस येईल आणि बघेल या भरवशावर राहू नका. तपासनीस म्हणजे तुम्ही, आणि तुमच्या दादाची स्कूटर.

नागपुरी संत्रं
काका, पेन्सिलीची खूण केली :)
आमच्या होस्टेलच्या मेसला पण हाच नियम होता, रेक्टर येणार त्या दिवशी पनीर. बाकी चार वर्षं दुधी.

टेकडीवरची
@नागपुरी संत्रं, क्र. ४ मध्ये आम्ही गेलो तेव्हा पुरणपोळी होती. साधा मंगळवार. मॅनेजर म्हणे आमच्याकडे रोज असंच असतं. मागे बसलेले आजोबा फिस्सकन हसले.

लँकेशायरची सून
मी इंग्लंडमध्ये केअर होममध्ये काम करते, नऊ वर्षं झाली. इथे केअर क्वालिटी कमिशनचे इन्स्पेक्टर येतात, बहुतेक वेळा न सांगताच. सकाळी बेल वाजते आणि दारात ओळखपत्र घेऊन उभे. पाच प्रश्न असतात त्यांचे: सुरक्षित आहे का, उपयोग होतोय का, माया आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे वागता का, आणि चालवणारे नीट चालवतात का. मग श्रेणी, उत्कृष्टपासून अपुरं पर्यंत चार. ती दारात लावावीच लागते. शेजारची दुकानदारीणसुद्धा वाचते.

पण इथे सगळं सोन्याचं आहे असं नाही हं. इन्स्पेक्टर आले की आमची मॅनेजरही माझ्याकडे बघून डोळ्यांनी 'एप्रन, एप्रन' करते.

त्यांच्याकडून मी एक शिकले ते भारतात सासऱ्यांसाठी वापरलं. वजनाची वही मागा. दर महिन्याला वजन करतात का, आणि कमी झालं तर पुढच्या ओळीत काय लिहिलंय. सांगलीकडच्या एका ठिकाणी वही मागितली तर म्हणाले वजनकाटा आहे पण सेल संपलेत. कधी संपले? हशा. दुसरं म्हणजे जेवणाच्या वेळी कोपऱ्यात गप्प बसून राहायचं. इथे आमच्याकडे एक इन्स्पेक्टर बाई पूर्ण जेवण संपेपर्यंत बसली होती, कोणाचं ताट भरलेलंच परत जातंय एवढंच बघत. भरवणारी मुलगी उभी राहून भरवते की बसून, तेही लिहून घेतलं तिने.
ब्रेक संपला, पळते.

मराठमोळा७
हे सगळं ठीक. पण आपल्या संस्कृतीत आईवडिलांना असं बाहेर

टेकडीवरची
@मराठमोळा७, धाग्यात वर लिहिलंय, कृपया.

अर्धा कप
मराठमोळा, सहा वर्षं आईची डायपर बदल, मग ये बोलायला. चहा पण पाजीन.

चकलीभाजणी
आले. तर टाचा.
सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर दोन महिन्यांसाठी ठेवलं होतं. झोपून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर आधी जखमा होतात. तिथे पलंगाला छान तक्ता लावला होता. २ वाजता डावी कूस, ४ वाजता उजवी, ६ वाजता पाठ, समोर सही. मी खूश. एकदा दुपारी पाच वाजता गेले आणि सहज वाचलं तर रात्री दहापर्यंतच्या सह्या झालेल्या!! विचारलं तर पोरगी म्हणाली, ताई मला रात्री बस मिळत नाही म्हणून आधीच करून ठेवते. इतकी प्रामाणिक की रागावताही येईना. अठरा जणांना दोघी होत्या त्या. पांघरूण काढून टाचा बघितल्या तर लाल, दाबलं तरी पांढऱ्या होईनात. म्हणजे जखम सुरू झालेली. त्याच रात्री घरी आणलं, एअर मॅट्रेस भाड्याने घेतली.
आता कोणी विचारलं तर सांगते, तक्ता वाचू नका, टाचा वाचा. आणि नखं.

गवती चहा
बाबांच्या टाचा कधी बघितल्याच नाहीत. मोजे असतात.

पावसाळी
@चकलीभाजणी, अवांतर: आयडी बघून राहवत नाही, भाजणीत पोहे घालतेस का? माझी चकली तुटते.

आग्या वेताळ
फायरच्या धंद्यातला माणूस बोलतो. नळकांडं लाल आहे म्हणून समाधान मानू नका. त्यावर टॅग असतो, शेवटचं सर्व्हिसिंग आणि पुढची तारीख, आणि प्रेशरचा काटा हिरव्यात हवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै, 'फॉर्म बी' द्यायचा असतो यंत्रणा चालू आहे म्हणून. तो मागा. मागितल्यावर समोरच्याचा चेहरा बघा, कागद नाही दिसला तरी उत्तर मिळतं.

जिना बघा. जिन्याखाली जुन्या गाद्या असतातच. रात्री ग्रिलला कुलूप लावतात, किल्ली कोणाकडे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोपून असलेली माणसं कितव्या मजल्यावर आहेत. मी एका ठिकाणी गेलो होतो, चालते-फिरते तळमजल्यावर, पूर्ण बेडरिडन तिसऱ्यावर. का? तर येणाऱ्या पाहुण्यांना खाली प्रसन्न वाटतं. आगीत लिफ्ट वापरत नाहीत. रात्री दोन मावश्या अकरा जणांना जिन्याने कशा उतरवणार? मालक म्हणाला देव आहे.

नागपुरी संत्रं
देवाकडे फॉर्म बी आहे का

अर्धा कप
😂 माझाही एक. बाबा सारखे झोपलेले असायचे. आम्ही म्हणायचो वय झालं. बहिणीने एकदा गोळ्यांचा डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली. डब्यात एक गोळी जास्त. झोपेची. ''रात्री हाका मारतात, बाकीच्यांना त्रास होतो'' म्हणून. कोणी सांगितली द्यायला, तर कोणीच नाही. हाका मारायचे ते लघवीसाठी. पुढे लिहायचं होतं पण नको.

गवती चहा
(( )) अर्धा कप

सायंतारा ७८
नमस्कार. मी नाशिकजवळच्या एका वृद्धाश्रमात स्वेच्छेने राहतो. वय आयडीत आहे. टंकलेखन सावकाश, क्षमस्व.
आपण सगळे तपासायला येता, बाथरूममधले दांडे हलवून बघता, हे योग्यच. पण आमच्याशी कोणी बोलत नाही. मॅनेजर सोबत असताना "कसं आहे काका इथे?" असे विचारून काय कळणार. त्यांना चहा सांगायला पाठवा आणि मग विचारा. "कसं आहे" असेही विचारू नका. काल रात्री काय जेवलात, आंघोळीला पाणी गरम होते का, शेवटचे बाहेर कधी गेलात, असे विचारा. ज्याला आठवत नाही तोही चेहऱ्याने सांगतो.

आणखी एक. पितृपक्षात आमच्याकडे जेवण देणाऱ्यांची रांग लागते. पंधरा दिवस खीर, वडे, लाडू. भावना चांगली आहे, पण आमच्यात निम्मे मधुमेही. एका वर्षी सर्वपित्रीला तिघांची साखर इतकी वाढली की रिक्षाने हलवावे लागले. तेव्हापासून आमच्या बाई दात्यांना सांगतात, खीर एक दिवस, बाकीच्या दिवसांत हातमोजे आणि डायपर द्या. काही दाते रागावून गेले. बाई मला तेव्हापासून आवडतात.

टेकडीवरची
काका, लिहीत राहा. सावकाशच लिहा.

आग्या वेताळ
काका तुमच्याकडे फॉर्म बी आहे का बघा :)

सायंतारा ७८
पाहिला. आहे. जानेवारीचा आहे, जुलैचा नाही. उद्या बाईंना विचारतो.

माजी बँकवाला
एक राहिलं. तक्रार कुठे करायची हे सुचत नसेल तर १४५६७, एल्डरलाइन, फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८. आणि करारात डिपॉझिट परत कधी, आणि हॉस्पिटलात असतानाच्या दिवसांचे पैसे कापतात का, हे वाचून घ्या. माझ्या वहिनीच्या वेळी चाळीस दिवसांचे कापले होते. खाट 'राखून' ठेवली म्हणे.

चकलीभाजणी
@पावसाळी, पोहे वाटीभर, चार वाट्या तांदळाला. तुटते म्हणजे मोहन जास्त होतंय किंवा उकड नीट मळली नाहीस. फोटो टाक.

गवती चहा
आले जाऊन. न सांगता, आज गुरुवार, सव्वासहाला. जागे होते. दिवे चालू, दोघं पत्ते खेळत होते आणि बाबा बघत होते. मला आधी ओळखलंच नाही, तोंडाला स्कार्फ होता. मोजे काढून टाचा बघितल्या, कोरड्या आहेत पण ठीक. खोबरेल लावलं. ते म्हणाले, काय गं, आज पाया पडतेस?
बेल मात्र पलंगाच्या मागे पडलेली. वायर ओढून काढली आणि परकराच्या नाडीने उशीजवळच्या गजाला बांधून आले. नाडी माझीच, पर्समध्ये होती, पिकोला टाकायला घेतलेल्या परकराची.