मोल्सवर्थ आडनावाची माणसं नेमकी कुठे राहतात?

कोशातली_मुंगी

मंडळी, गेला महिनाभर इंग्लंडात लेकीकडे केटरिंगला आहे. परवा केंब्रिजहून परतताना जावई गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून डुलक्या काढत होते. हंटिंग्डन मागे पडलं, जरा पुढे गेलो, आणि रस्त्याकडेला पाटी दिसली: मोल्सवर्थ. झोप कुठच्या कुठे पळाली.

भाषांतराचं काम करते, बत्तीस वर्षं झाली. टेबलावर शुभदा-सारस्वत प्रकाशनाने काढलेला मोल्सवर्थ, म्हणजे जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश असतो, त्याची बांधणी दोनदा करून घेतली आहे. वडील त्यांना 'मोलेश्वरशास्त्री' म्हणायचे. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की हे कोणी पागोटंवाले शास्त्रीबुवाच असणार. पुढे कळलं की गृहस्थ कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेत होते. तर पाटी बघून मी ओरडलेच, "अरे, शास्त्रीबुवांचं गाव!" जावई गाडी न थांबवता म्हणाला, "आई, गावाच्या नावाचं आडनाव आहे म्हणून माणूस त्या गावचा असेलच असं नाही." आता हे त्याने कोणाला सांगावं? माझं माहेरचं आडनाव 'कर'वालं, आणि त्या गावाला माझ्या आजोबांनीही पाय लावला नव्हता.

घरी येऊन आडनावांचे नकाशे दाखवणाऱ्या एका साइटवर शोधलं. लंडनचा ठिपका ठसठशीत. हंटिंग्डनकडे मात्र नजरेत भरावं असं काही नाही. मग या नकाशातून समजायचं काय? हे आडनाव दुर्मीळ म्हणायचं की नाही? आणि आपले कोशवाले त्या नकाशात कुठे बसतात? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. मला जनगणनेतलं काही कळत नाही, शब्दांतलं थोडंफार कळतं.

वळचणीचं_पाणी

ताई, तुमच्या जावयाला एक चहा माझ्याकडून. चिपळुणात राहून कोणी चिपळूणकर होत नाही. गाव सोडलं, दुसऱ्या गावात गेलं, की तिथले लोक विचारतात कुठले तुम्ही, आणि मग नाव चिकटतं. इंग्लंडातही गावावरून आलेली बहुतेक आडनावं अशीच पडली. त्यामुळे ज्या गावावरून नाव आलं तिथेच ते सर्वांत जास्त सापडेल ही अपेक्षाच उलटी. सापडतं ते शेजारच्या परगण्यात, बाजाराच्या गावात, नाहीतर थेट लंडनात.

नोंदवही

वळचणीचं बरोबर आहे, पण ताईंच्या नकाशात आणखी एक खोट आहे. ती आधी सांगतो, कारण तिथे सगळेच फसतात. मीही बायकोकडच्या एका अँग्लो-इंडियन आडनावाच्या मागे सहा महिने फसलो होतो.

असे बरेच नकाशे नुसती डोकी मोजतात. आता १८८१ ची जनगणना घ्या. आडनाववाले तिच्यावर जीव टाकतात, कारण स्वयंसेवकांनी ती पूर्ण उतरवून काढली आहे आणि फुकट बघता येते. मोजणीची रात्र ३ एप्रिल १८८१. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड मिळून माणसं तीन कोटींना थोडी कमी. त्यात लँकेशायरची वस्ती साडेचौतीस लाखांच्या आसपास आणि तुमच्या हंटिंग्डनशायरची जेमतेम साठ हजार. म्हणजे हंटिंग्डनशायरात एक मोल्सवर्थ सापडला तर त्याच्या बरोबरीला लँकेशायरात ५८ सापडले पाहिजेत, तेव्हा दोन्हीकडे ते नाव सारखंच दाट म्हणता येईल. डोकी मोजणाऱ्या नकाशात लँकेशायर काळंकुट्ट आणि हंटिंग्डन कोरं दिसणार, यात नवल काही नाही. दर दहा लाखांमागे किती, हे दाखवणारा नकाशा शोधा. चित्र पार फिरतं.

तरी दुर्मीळ आडनावात दर दहा लाखांचा हिशोबही दगा देतो. छोट्या परगण्यात एखादं आठ माणसांचं घर राहायला आलं की सगळा परगणा रंगतो. म्हणून एका जनगणनेवर विसंबू नका. १८५१ पासून प्रत्येकाच्या नावापुढे जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा गावाचा भाग, लिहिलेला असतो (१८४१ मध्ये फक्त 'याच परगण्यात जन्म का', एवढंच विचारलं होतं). माणूस मोजणीच्या रात्री कुठे होता त्यापेक्षा तो जन्मला कुठे, हे मांडून बघा. शिवाय इंग्लंड-वेल्सची जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. तिच्या सूचीत दर दहा वर्षांत या नावाची किती मुलं जन्मली ते मोजलं, तर आडनाव वाढतंय की आटतंय हे जनगणनेपेक्षा लवकर कळतं.

पुढे यायचं तर १९२१ पर्यंतच येता येतं. ती जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर आहे, ओळखपत्रांसाठी आणि रेशनसाठी केलेलं. त्यावर भागवायचं.

आणि हो, हंटिंग्डनशायर हा वेगळा परगणा १९६५ पर्यंतच होता. आधी तो पीटरबरोशी जोडला गेला आणि १९७४ पासून केंब्रिजशायरात आहे. हल्लीच्या नकाशात तो स्वतंत्र दिसत नसेल तर गोंधळू नका.

खडी_डांबर

आम्हा सिव्हिलवाल्यांच्या जुन्या पिढीला मोल्सवर्थ म्हणजे कोश नव्हे, पॉकेटबुक! सूत्रांचं आणि कोष्टकांचं छोटं पुस्तक, खिशात मावेल असं. माझ्या मामांकडे होतं, पीडब्ल्यूडीत असताना वापरलेलं. त्याचे लेखक गिल्फर्ड मोल्सवर्थ. सिलोनच्या रेल्वेवर काम केलं आणि पुढे हिंदुस्थान सरकारचे रेल्वेचे सल्लागार इंजिनिअर झाले. कोशवाल्यांचे नातलग असतील का?

नोंदवही

खडी_डांबर, नात्याचं सांगण्याइतका कागद माझ्या हाती नाही, पण तुमचे गिल्फर्ड इथे फार कामाचे आहेत. त्यांचे वडील पाद्री. मुलगा १८२८ मध्ये हॅम्पशायरातल्या मिलब्रुकला जन्मला, वडील पुढे कँटरबरीला गेले आणि तिथून लँकेशायरात रॉचडेलचे व्हिकर झाले. चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या करावरून जॉन ब्राइट या राजकारण्याशी जाहीर भांडले ते हेच. म्हणजे एकाच कुटुंबाने दक्षिण किनारा, केंट आणि लँकेशायर अशा तीन ठिकाणी शाई सांडली. नोकरीने फिरणारा पाद्री, लष्करी अधिकारी, अबकारी खात्याचा माणूस ही मंडळी दुर्मीळ आडनावाचा नकाशा नासवतात. शेतमजुराचं आडनाव मात्र तीन पिढ्या पाच-सात मैलांत फिरतं. मूळ शोधायचं तर नकाशात मजूर, सुतार, विणकर शोधा. बडी माणसं बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट, चेशरमध्ये चेस्टरजवळ मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळंच गाव आहे. तिथून निघालेल्याचं नाव एखाद्या कारकुनाने 'ड' गाळून लिहिलं की झाला तो मोल्सवर्थ. लँकेशायर चेशरला खेटून आहे, तेव्हा तिकडचे सगळे हंटिंग्डनचे धरू नका. शोधताना सगळी स्पेलिंगं घाला: 'एल' दोनदा, मधला 'ई' गाळून, 'ओ' नंतर 'यू' घालून.

कोशातली_मुंगी

बाई गं! एका पाटीपायी केवढं हे. रात्री दीडपर्यंत जागले.

गावाच्या नावाचं माझ्या वाटणीचं सांगते. डूम्सडे बुकात, म्हणजे १०८६ च्या पाहणीत, ते 'मोलेसवर्दे' असं येतं. 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, आणि पुढचा भाग मूल नावाच्या कोणा माणसाचा. मूलचं आवार. आपल्याकडे एखाद्या वाडीला कोणा पहिल्या वसवणाऱ्याचं नाव असतं, तसंच. या मूलचा पुढे पत्ता नाही, पण नऊशे वर्षांनी त्याचं नाव मराठी माणसाच्या तोंडी आहे. 'मोल्सवर्थमध्ये बघ' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन!

आता माझी शंका. १८८१ चा नकाशा मांडला तरी आमचे शास्त्रीबुवा त्यात असणारच नाहीत ना? ते १८७१ च्या जुलैमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टनला वारले.

नोंदवही

बरोबर पकडलंत. त्या वर्षीची जनगणना २ एप्रिल १८७१ ला झाली, म्हणजे शोधायचे तर तिच्यात, ग्लॉस्टरशायरच्या बाजूला. त्याआधीची त्यांची हिंदुस्थानातली वर्षं ब्रिटनच्या जनगणनेत कुठून येणार? पहिला कोश १८३१ चा, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. ऐन उमेदीतला माणूस तिथल्या मोजणीतून गायबच. अशांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं आहेत. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं 'एन ३' या मालिकेत मिळतात. नकाशात ही माणसं धरायला हवीत असं माझं ठाम मत आहे, पण धरत कोणी नाही.

आयर्लंड विसरू नका. मोल्सवर्थांच्या एका शाखेला १७१६ मध्ये तिथला व्हायकाउंट हा किताब मिळाला. तिथला १८८१ चा कागद मात्र शिल्लक नाही, सरकारनेच लगदा केला. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण आहेत, फुकट आहेत, मूळ पानांच्या चित्रांसकट. मी तुमच्या जागी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती. चटकन हाती काहीतरी लागतं आणि उत्साह टिकतो.

कॉर्नवॉलचे पेनकॅरोचे मोल्सवर्थ, बॅरोनेट (म्हणजे वंशपरंपरेने 'सर'), १६८९ पासूनचे. त्यांच्यात पुढे मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडनाव झालं. मोजताना ते कधी 'एम'खाली, कधी 'एस'खाली निघतात. दुर्मीळ नावात अशी चार-पाच माणसं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी हलते.

वारा_सुटलाय

वेलिंग्टनहून लिहितोय. मी रोज मोल्सवर्थ स्ट्रीटवरून ऑफिसला जातो आणि या धाग्यापर्यंत कोशाचं डोक्यातही आलं नव्हतं, लाज वाटते. इथली पार्लमेंट याच रस्त्याला लागून आहे. रस्त्याचं नाव पेनकॅरोच्या सर विल्यम मोल्सवर्थवरून, जो १८५५ मध्ये काही महिने वसाहतींचा मंत्री होता. गंमत म्हणजे डब्लिनलाही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि तोही जाऊन भिडतो आयर्लंडच्या पार्लमेंटसमोर! शिवाय आमच्या दक्षिण बेटावर मोल्सवर्थ नावाचं देशातलं सर्वांत मोठं कुरण आहे, एक लाख ऐंशी हजार हेक्टर. तिथे गुरं भरपूर. मोल्सवर्थ आडनावाचा माणूस मला अकरा वर्षांत एकही भेटलेला नाही.

पेशीजाल

जनुकांचं कोणी बोललं नाही म्हणून घुसतो. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय गुणसूत्रही तसंच. लेस्टर विद्यापीठाच्या किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं ताडून पाहिली. स्मिथसारख्या नावांत काहीच जुळत नाही, कारण लोहार गावोगाव होते. दुर्मीळ नावांत मात्र ढीगभर माणसं एकाच पूर्वजाची निघतात. ॲटनबरो घ्या, नॉटिंगहॅमशायरातल्या गावावरून पडलेलं नाव. त्यातले दहातले जवळजवळ नऊ एकाच वाय गटाचे होते. मोल्सवर्थवाले जमले तर हंटिंग्डनचे कोण आणि चेशरचे कोण हे अशा तपासणीतून सुटू शकेल.

पण या उत्साहाला एक टाचणी: दुर्मीळ म्हणजे मुळात एकाच घरातून आलेलं, असं नाही. बरीच घरं होती, त्यांतल्या बहुतेकांना फक्त मुली झाल्या किंवा काहीच झालं नाही, आणि उरलं एक. फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये हेच गणित म्हणून छापून विचारलं होतं, आडनावं मरतात ती किती वेगाने? उत्तर वॉटसन नावाच्या पाद्री गणितज्ञाने काढलं.

वळचणीचं_पाणी

पाद्री काय काय करायचे! बरं, कँडीचं कोणी बघणार का? कोशाच्या कामात दोघे कँडी बंधू होते, आणि थॉमस कँडीने तर आपल्याला स्वल्पविरामही दिला.

कोशातली_मुंगी

कँडीचा धागा तुम्ही काढा, मी येते. फक्त ब्रीच कँडीला त्यांच्यात ओढू नका, ते 'खिंडी'चं रूप असल्याचं सांगतात.

नोंदवही, तुमचं ऐकून आयर्लंडच्या १९०१ पासून सुरुवात केली आहे. लेकीच्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या बाजूने रकाने आखले: नाव, वय, धंदा, जन्म कुठला. धंद्याचा रकाना तुमच्यामुळे. तो नसता तर सगळे मोल्सवर्थ मला सारखेच दिसले असते. स्पेलिंगांची यादी फ्रिजवर चिकटवली आहे, नातीने तिच्याखाली स्वतःचं नाव तीन तऱ्हांनी लिहून ठेवलंय.

जावयाला सांगितलंय, रविवारी त्या पाटीपाशी गाडी वळवायची म्हणजे वळवायची. गावात कोणी मोल्सवर्थ भेटणार नाही हे आता मलाही कळतं. मूलचं आवार बघायचंय, बस. तर तो म्हणतो, "चला आई, पण तिथे अमेरिकी सैन्याचा तळ आहे, उगाच कुंपणाचे फोटो काढत बसू नका."