हे सगळे आवाज एकाच माणसाचे? (मेल ब्लँक)

परभणीकर_८२:
लेकरू सुट्टीत बग्ज बनीचे जुने कार्टून बघायलंय अन् दिवसभर त्याच आवाजात बोलत फिरायलंय. काल सुरुवातीची नावं पाहिली तर आवाजासाठी एकच नाव, मेल ब्लँक. बग्ज, डॅफी, पोर्की, ट्वीटी, सिल्व्हेस्टर, सगळे एकटाच?? अन् टॉम अँड जेरी बी त्याचंच का?

गोदाकाठ_नांदेड:
हाव भाऊ, ते सगळे त्याचेच. टॉमचं ते फेमस बोंबलणं मात्र विल्यम हॅनाचं, टॉम अँड जेरी बनवणाऱ्या जोडीतला एक तो. अन् बग्जच्या मागं लागणारा शिकारी एल्मर फड बरीच वर्षं आर्थर ब्रायन करायचा, बिचाऱ्याचं नावच यायचं नाही. ब्लँकनं पगारवाढ मागितली होती, मालकानं पैशाऐवजी पडद्यावर नाव दिलं म्हणतात, म्हणून तुम्हाला ते एकच दिसायलंय.
पण गडी मूळचा रेडिओचा हो. जॅक बेनी म्हणून एक विनोदी कलाकार होता, त्याच्या रेडिओ प्रोग्रॅममधी एक खटारा मॅक्सवेल गाडी होती, तिचा आवाज रेकॉर्डवर लावायचे, एकदा ऐनवेळी रेकॉर्ड वाजलीच नाही तर ह्यानं माईक धरून तोंडानंच खोकत फुरफुरत गाडी चालू केली, अन् लोकांना ते इतकं आवडलं की पुढं गाडी त्याच्याच तोंडावर चालायली. आमच्या गावची मुक्कामी एसटी थंडीत सेम अशीच चालू व्हायची 😂

लातूरची_लेक:
पोर्कीचं सांगते, ते अडखळत बोलणारं डुक्कर. आधी जो डोहर्टी आवाज द्यायचा, तो खरंच अडखळत बोलायचा, त्यामुळे रेकॉर्डिंग लांबायचं. १९३७ पासून ब्लँक आला, त्यानं अडखळणं टायमिंगमधी बसवलं, कुठं अडकायचं अन् कोणता शब्द सोडून दुसरा घ्यायचा ते ठरवून. डॅफी अन् सिल्व्हेस्टर तर जवळपास एकच आवाज आहे, डॅफीचा फक्त स्पीड वाढवलेला. नीट ऐका.

मुक्कामपोस्ट_सेलू:
ब्लँकला गाजराची ॲलर्जी होती ना?

लातूरची_लेक:
नाही ओ दादा, अफवा आहे ती. बग्जसाठी गाजर खरंच कुरकुर चावायचा पण तोंडात भरलेलं असताना डायलॉग कसा म्हणणार, म्हणून थुंकायचा.

श्रुतिकावाले_काका:
आकाशवाणी परभणीला मी श्रुतिका केल्यात थोड्याफार, म्हणून बोलतो. ऐकणाऱ्याला तुमचं तोंड दिसत नसतंय, म्हणून अख्खा माणूस आवाजात उतरवावा लागतो, नुसता घसा बारीक करून भागत नाही. १९६१ ला ब्लँकचा कार ॲक्सिडेंट झाला, दोन आठवडे बेशुद्ध. डॉक्टरनं हाका मारल्या, उत्तर नाही. मग विचारलं, बग्ज बनी, कसा आहेस? तर हा बग्जच्याच आवाजात बोलला! पुढं फ्लिंटस्टोन्स कार्टूनमधल्या बार्नीचं रेकॉर्डिंग प्लास्टरमधी, घरी पलंगावर पडूनच केलंय त्यानं.

परभणीकर_८२:
काका, अंगावर काटा आला. आता आमचा गडी योसेमिटी सॅम करायलाय, तो मिशाळ ओरडणारा.

श्रुतिकावाले_काका:
अरे बाबा तो नको! खुद्द ब्लँक म्हणायचा की सॅमनं घसा फाटतो.

परभणीकर_८२:
उशीर झाला काका. बसला घसा. उद्या मामाच्या गावाला जायचंय, आई हळद-दूध पाजायलीय अन् मी शिव्या खायलोय.