नवी विनोदी मालिका: किती भाग पाहून सोडावी?

मधली_सुट्टी

नवी विनोदी मालिका सुरू झाली की पहिला भाग संपायच्या आत निकाल लागलेला असतो. 'पाचकळ आहे', 'ओढूनताणून हसवतात', 'टिपरेंची सर नाही'. दुसरा गट म्हणतो, जरा वेळ द्या. मग दोन्ही गट आठवडाभर तेच तेच लिहितात आणि धागा शंभरी गाठतो.

मला जरा नेमकं हवंय. पहिल्या भागावरून मालिकेबद्दल नक्की काय कळतं आणि काय कळत नाही? किती भाग पाहून सोडलं तर अन्याय झाला असं म्हणता येणार नाही? रोजची मालिका आणि आठवड्यातून एकदा येणारी, दोन्हींना एकच माप लावायचं का? 'वेळ द्या' एवढंच उत्तर नको, ते वाहिनीवालेही देतात.

कट_टू

पहिला भाग हा विनोदी मालिकेचा सगळ्यात वाईट नमुना असतो, आणि त्याला कारणं आहेत.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती आणि वाहिनीचे स्वतःचे प्रोमो वजा जाता हातात बावीस-तेवीस मिनिटं उरतात. त्यात सहा-सात पात्रं, त्यांची नाती, घर किंवा ऑफिस आणि मुख्य भांडण एवढं सगळं उभं करायचं. मग 'अगं, तू माझी सख्खी धाकटी बहीण, लग्न होऊन पुण्याला गेलीस, आणि आज अशी अचानक?' असली वाक्यं येतात. सख्ख्या बहिणीला कुणी असं सांगत नाही. ते वाक्य प्रेक्षकासाठी असतं, आणि त्याने जागा खाल्ली की पंचाला, म्हणजे हसवणाऱ्या वाक्याला, जागा उरत नाही.

दुसरी अडचण मूळ स्वभावातलीच. विनोदी मालिकेतला चांगला विनोद पात्राच्या ओळखीवर चालतो. कंजूष माणसाने खिशात हात घालून तो तसाच बाहेर काढला की आपण हसतो, पण तो कंजूष आहे हे आधी माहीत असावं लागतं. पहिल्या भागात ही ठेव शून्य असते, म्हणून लेखक कोट्या, धडपडणं आणि आरडाओरड यांवर वेळ मारून नेतो. आणि भागातले दोन-तीन बरे पंच प्रोमोमध्ये पंधरा दिवस आधीच वाजवून झालेले असतात. भागात ते येतात तेव्हा शिळे लागणारच.

'साइनफेल्ड' या अमेरिकन विनोदी मालिकेचा पहिला भाग ५ जुलै १९८९ ला दाखवला गेला. त्यात इलेन हे पात्रच नाही आणि क्रेमरचं नाव केसलर आहे. चाचणीसाठी बसवलेल्या प्रेक्षकांचा शेरा खराब होता. एनबीसी वाहिनीने पुढे फक्त चार भाग मागवले, तेही पुढच्या वर्षी मेअखेरीस लागले. पहिल्या भागावर नाक मुरडणारे तेव्हा चुकले नव्हते. तो भाग खरोखर सपाट आहे.

साडेनऊचा_स्लॉट

कट_टू यांच्याशी सहमत. आकड्यांची बाजू जोडतो, कारण 'पहिल्याच आठवड्यात टीआरपी पडला' हे वाक्य या चर्चेत हमखास येतं.

टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. सोमवारी सुरू झालेल्या मालिकेचे पहिल्या आठवड्याच्या आकड्यांत फक्त पाच दिवस धरले जातात, आणि ते कळेपर्यंत दुसऱ्या आठवड्याचेही तीन-चार भाग होऊन जातात. शिवाय आकडा दर मिनिटाच्या सरासरी प्रेक्षकांचा असतो. तीस मिनिटांच्या कार्यक्रमात पाच मिनिटं डोकावून गेलेला माणूस एक षष्ठांशच मोजला जातो. म्हणजे उत्सुकतेने आलेली गर्दी थांबली नाही तर आकडा बारीक दिसतो, आणि आधीच्या मालिकेचे प्रेक्षक रिमोट न उचलता बसून राहिले तर फुगतो. अ‍ॅपवर पाहणारे या हिशेबात धरलेच जात नाहीत.

स्लॉट बदलला की काय होतं त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे 'द ऑफिस'ची अमेरिकन आवृत्ती. २४ मार्च २००५ ला, गुरुवारी, पहिला भाग लागला तेव्हा एक कोटी बारा लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला. दुसऱ्या भागापासून मालिका मंगळवारी गेली आणि आकडा धाडकन खाली आला. तेव्हाच्या चर्चेत दोष सगळा मालिकेच्या माथी गेला.

रोजच्या मालिकेचं वेगळं. तिथे सुरू होण्याआधी दहा-पंधरा भागांची बँक करून ठेवतात. तुम्ही पहिल्या आठवड्यात 'सासूचं पात्र भडक झालंय' लिहिलंत आणि लेखकाने ते मनावर घेतलं, तरी फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तिसऱ्याच दिवशी 'आमचं ऐकतच नाहीत' म्हणण्यात अर्थ नाही.

खवट_आजोबा

हे सगळं ठीक आहे, पण या कारणांच्या आड वाईट लेखन लपतं. पहिला भाग कच्चाच असतो हा काही निसर्गनियम नाही. 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश मालिकेचा पहिला भाग १९ सप्टेंबर १९७५ चा. हॉटेलवाल्या बासिलला वरच्या थरातली गिऱ्हाइकं हवीत म्हणून तो भारी मासिकात जाहिरात देतो. मग एक भामटा 'लॉर्ड' म्हणून येऊन त्याला गुंडाळतो. बासिल इतरांवर डाफरतो आणि लॉर्ड म्हटल्याबरोबर लोटांगण घालतो. पात्राचं सगळं गुपित त्या एका ओळखीत आलं, कुणी कुणाची माहिती सांगत बसलं नाही. एकूण बारा भाग, १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा. तिथे 'दहाव्या भागापासून रंगत येते' म्हणायची सोय नव्हती.

आपल्याकडचं घ्या. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' २००४ च्या नोव्हेंबरमध्ये स्टार वनवर आली. कफ परेडची सासू आणि नोएडाची सून, एकाच इमारतीत समोरासमोर. सासूने, म्हणजे मायाने, 'मिडल क्लास' एवढंच म्हटलं की पुढचं सगळं तुम्हाला कळतं. मांडणी अशी असली की पात्रं दारातून आत येताच विनोद सुरू होतो. आकडे तिला पहिल्या फेरीत मिळाले नाहीत, २००६ मध्ये बंद झाली, पुनःप्रक्षेपणांवर नाव झालं आणि २०१७ मध्ये हॉटस्टारवर दुसरं पर्व आलं. म्हणजे आकडे नव्हते, पण पात्रं पहिल्यापासून पक्की होती. या दोन गोष्टी वेगळ्या मोजा.

माझी कसोटी सोपी आहे. भाग बघताना डोळे मिटा किंवा संवाद कागदावर उतरवून बोलणाऱ्याचं नाव झाका. वाक्य कुणाचं आहे ते ओळखता आलं पाहिजे. दुसऱ्या भागातही सगळे एकाच सुरात टोमणे मारत असतील, आजीची कोटी नातवाच्या तोंडी दिली तरी चालत असेल, तर ते पात्रांचं बोलणं नाही, लेखकाचं आहे. हे आपोआप सुधारत नाही. बेंगरूळ कपडे, तोतरेपणा आणि पुरुषाला साडी नेसवणं याशिवाय पात्राला दुसरी ओळख नसेल, तर चौथा भाग कशाला बघायचा?

फ्रेम_पंचवीस

लेखनावर बरंच झालं. पहिल्या आठवड्यात लोक ज्याला 'ओढूनताणून' म्हणतात त्यातलं निम्मं तरी संकलन आणि आवाजाचं काम असतं.

पंच पडला, की समोरच्याच्या चेहऱ्यावर कट. हा कट थोडा उशिरा आला तरी हसू निसटतं. आपल्याकडे नेमकं उलटं करतात: पंच, मग 'टुंग', मग एकाच्या तोंडावर झूम, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, मग पुन्हा पहिल्याच्या. एका बऱ्या वाक्यावर आठ-दहा सेकंद. अशा वीस जागा धरा, तीन मिनिटं गेली. हे बहुतेकदा लांबी भरायला केलेलं असतं, कारण त्या दिवशी बावीस मिनिटांचं चित्रीकरण उरकलेलं नसतं.

हशाचा ट्रॅकही ऐका. खऱ्या प्रेक्षकांसमोर केलेल्या कार्यक्रमात नट हसू ओसरेपर्यंत थांबतो, ग्लास उचलतो, पदर सावरतो, आणि लोक शांत होत आले की पुढचं वाक्य टाकतो. मागाहून चिकटवलेल्या हशाला ही जागा मिळालेली नसते; एक तर तो पुढच्या वाक्यावर चढतो, नाही तर कात्रीने कापल्यासारखा थांबतो. प्रत्येक वाक्याला सारख्याच उंचीचा हशा असेल तर दिग्दर्शकालाही मोठा पंच कुठला ते ठरवता आलेलं नाही.

यातली चांगली गोष्ट म्हणजे हे दोष दुरुस्त होतात. संगीत कमी करायला नवी पटकथा लागत नाही. म्हणून प्रतिक्रिया लिहिताना 'बकवास' लिहू नका, 'तिसऱ्या भागात जेवणाच्या टेबलावरच्या प्रसंगात प्रत्येक वाक्याला टुंग होतं, त्यात आजीचं वाक्य ऐकूच आलं नाही' असं लिहा. वाहिनीची माणसं हे धागे वाचत असली तर त्यांना पुढे पाठवता येईल असं काही तरी मिळेल.

मधली_सुट्टी

धन्यवाद, हेच हवं होतं. आजोबांची नाव झाकायची युक्ती आवडली. पण आकडा सांगाच: किती भाग?

कट_टू

आठवड्यातून एकदा येणारी असेल तर चार भाग. पहिला सोडून द्या, दुसरा आणि तिसरा नीट बघा, चौथ्यात एखाद्या पात्राने अजून बोलायच्या आधीच तुम्हाला हसू आलं तर पुढे बघत राहा. रोजची असेल तर दोन आठवडे; सगळे भाग बघायची गरज नाही, आठवड्याला दोन पुरेत. त्यातला एक दुसऱ्या आठवड्याच्या शेवटचा घ्या. तोवर ओळखपरेड संपलेली असते आणि लेखकाकडे रोजचं खाद्य किती आहे ते उघडं पडतं. तिथेच जुळ्या बहिणी, स्मृतिभ्रंश किंवा घरात भूत आलं, तर समजून जा.

खवट_आजोबा

भूत दुसऱ्या आठवड्यात? हल्ली प्रोमोतच असतं.

साडेनऊचा_स्लॉट

'ऑफिस'चा विषय निघालाच आहे तर, कुणाला अमेरिकन आवृत्ती नव्याने बघायची असेल तर पहिल्या भागापासून सुरू करू नका. तो ब्रिटिश मालिकेच्या पहिल्या भागावरून जवळजवळ जसाच्या तसा केलाय, जेलीत घातलेल्या स्टेपलरसकट. तिथला बॉस नकोसा वाटणारा आहे, आणि सहा-सहा भागांच्या दोन पर्वांत ते खपून गेलं. अमेरिकेत वर्षाला बावीसेक भाग काढायचे, म्हणजे त्या माणसाकडे दर आठवड्याला परत यावंसं वाटायला हवं. सहा भागांच्या पहिल्या पर्वानंतर त्यांनी आपल्या बॉसला, मायकलला, जरा मऊ केलं, तो विक्रीच्या कामात खरंच हुशार आहे हे दाखवलं, चोपून बसवलेले केसही बदलले. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग लावा, बक्षीस समारंभाचा. तो आवडला तर मागे जाऊन पहिल्या पर्वातला दुसरा भाग बघा. बाकीचे चार नंतर सवडीने.