मदत हवी आहे: रिमोट ऑपरेटरच्या प्रशिक्षणात 'हँडओव्हर'चा सराव कसा बसवू?

काठावरचा (शुक्रवार, रात्री ११:४०)
थेट मुद्द्यावर येतो, सोमवारी आराखडा द्यायचाय. किनाऱ्यावरच्या केंद्रात बसून स्वयंचलित जहाजावर नजर ठेवणाऱ्यांसाठी चार दिवसांचा कोर्स बसवतोय. तीन दिवस जमले, एक अडलाय. यंत्रणेला झेपेनासं झालं की ती हाक मारते आणि ताबा माणसाकडे येतो, तोच प्रसंग. माझ्या सरावात सगळे पास होतात. वीस मिनिटांचा सराव, बाराव्या मिनिटाला समोर बोट येते, अलार्म वाजतो, आणि माणूस टपून बसलेलाच असतो. खऱ्या पाळीत तो तीन तास काही न करता बसलेला असेल. हा फरक सिम्युलेटरवर कसा आणायचा? 'एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) बघा' असं कृपया सांगू नका. तो करार जहाजावर काम करणाऱ्यांपुरता आहे, या खुर्चीबद्दल त्यात काही नाही.

होकायंत्र
प्रश्न अर्धाच लिहिलाय. जहाज कसलं? पाणी कुठलं? एका माणसाकडे किती जहाजं? आणि वर माणसं आहेत का? आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, स्वायत्ततेच्या चार पायऱ्या केल्यात. दुसरीत ताबा दुरून पण खलाशी जहाजावर, तिसरीत जहाज रिकामं. दोन्हीकडचा हँडओव्हर एकसारखा नसतो.

गलबत
३१ वर्षं सेलिंग केलं, त्यातली १४ कॅप्टन म्हणून. माझं म्हणणं एकच: समुद्र न पाहिलेल्या माणसाला त्या खुर्चीत बसवू नका. झोपेतसुद्धा पायाखालची थरथर बदलली की मला जाग यायची. पडद्यावर ते कुठून येणार? १९९५ सालचं रॉयल मॅजेस्टी आठवा. बर्म्युडाहून बोस्टनला निघालेलं प्रवासी जहाज. जीपीएसच्या अँटेनाची वायर निघाली, यंत्र नुसत्या हिशोबाने जागा दाखवत राहिलं, आणि ३४ तास ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) कुणाला पत्ता नाही. १७ मैल भरकटून अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ वाळूवर चढलं. खिडकीतून बघणं सुटलं की हे होतं. समुद्रावरची टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ५ वाचा, डोळ्यांनी आणि कानांनी पहारा असं स्पष्ट लिहिलंय.

होकायंत्र
कॅप्टनसाहेब, आदर राखून सांगतो, रॉयल मॅजेस्टीवर समुद्र पाहिलेलीच माणसं होती आणि खिडकीही होती. रडारवर एक ठिपका दिसला, तो आपल्याला हवा तोच बोया (तरंगती खूण) असं मानून ते पुढे गेले. अनुभव कमी नव्हता. पडद्यावर विश्वास इतका बसला होता की पडताळणी सुटली.

गलबत
अनुभवी चुकले म्हणून बिनअनुभवी बसवायचे का?

मिरजकर
थोडं अवांतर, माफ करा. पुतण्या बारावीला आहे, मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतो. जहाजं अशी आपोआप चालणार असतील तर त्याने जावं का? घरी रोज वाद चाललाय.

काठावरचा
मिरजकर, वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन.
होकायंत्र, माझी चूक. फ्योर्डमधली (डोंगरांमधल्या अरुंद खाडीतली) फेरी बोट, साधारण ६५ मीटर, ट्रेलर वाहणारी, नॉर्वेत. सुरुवातीला वर माणसं, पुढे हळूहळू नाहीत. एका माणसाकडे दोन फेऱ्या. शिकणारे सहाजण, त्यातले दोघे कधीच सेलिंगवर गेलेले नाहीत.

वेंबनाड
अशा दोन फेऱ्या आमच्या कोचीन शिपयार्डने बांधून २०२२ मध्ये नॉर्वेला पाठवल्या. मारित आणि थेरेसे, ६७ मीटर, बॅटरीवर चालणाऱ्या, प्रत्येकीत १६ ट्रेलर. ऑस्लो फ्योर्ड ओलांडायला. मी पुण्याचा, पण नोकरीमुळे तेव्हा कोचीत होतो. फार अभिमान वाटला होता.

शुभदा
मी भूलतज्ज्ञ आहे, जहाजांतलं काही कळत नाही. पण तासन्तास काही न घडणं आणि मग एका मिनिटात सगळं घडणं, हे माझं रोजचं काम आहे. दोन गोष्टी सांगते.
एक. ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राची टिक-टिक पातळी खाली गेली की सुरात उतरते. मी मॉनिटरकडे पाठ करून सलाइन लावत असले तरी मान वळते. अलार्म त्यानंतर वाजतो. तुमच्या माणसाला अलार्मच्या आधी काय ऐकू येतं?
दोन. काही सरावांत काहीच घडवू नका. खरंच काही नाही. मध्येच सगळे पडदे बंद करा आणि विचारा: आत्ता काय चाललंय, पुढच्या पाच मिनिटांत काय होईल? उत्तर लिहून घ्या. ताबा किती झटकन घेतला यापेक्षा घेताना डोक्यात कोणतं चित्र होतं ते तपासा.

गलबत
डॉक्टर, तुमचा पेशंट टेबलावर असतो, हात लावता येतो. यांचं जहाज काही मैलांवर, प्रवाहात.

शुभदा
म्हणूनच आवाजाचं म्हटलं, काका. तुमच्या पायाखालची थरथर त्यांना कुठल्यातरी रूपात मिळायला हवी.

होकायंत्र
यात एक भर. ताबा कुणाकडे आहे हेच माहीत नसणं सर्वांत घातक. ऑगस्ट २०१७, सिंगापूरजवळ अमेरिकेची युद्धनौका जॉन एस. मॅकेन. सुकाणू आणि वेग दोन खुर्च्यांत वाटायला गेले, टचस्क्रीनवर चुकून सुकाणूसकट ताबा पलीकडे गेला, आणि सुकाणूवरच्याला वाटलं सुकाणूच निकामी झालं. टँकरवर आदळली, १० खलाशी गेले. ब्रिज माणसांनी भरलेला होता. तुमच्याकडे तर दोन फेऱ्या आणि एक माणूस. म्हणून ताबा घेताना 'अमुक फेरी, सुकाणू माझ्याकडे, वेग माझ्याकडे' असं मोठ्याने म्हणायला लावा, आणि एका सरावात मुद्दाम भलत्याच फेरीचा ताबा द्या. शिवाय डीएनव्हीने (जहाजांची मानकं ठरवणारी नॉर्वेतली संस्था) रिमोट केंद्रातल्या ऑपरेटरच्या क्षमतेवर मानक काढलंय, ते मागवा. आराखड्याला आधार मिळेल.

काठावरचा (रविवार, रात्री)
डीएनव्हीचं वाचायला घेतलंय, आभार. काल दोन सहकाऱ्यांना बसवलं, दोघेही सेलिंगवाले. ९० मिनिटं काही घडवलं नाही, मग पडदे बंद. एकाने दुसऱ्या फेरीची जागा सांगितली ती वीस मिनिटांपूर्वीची. ती धक्क्यापासून निघालेली त्याने पाहिलीच नव्हती. अलार्मची वेळ यायच्या आधीच तो हरला होता. दिवसाचा आराखडा आता यावरच बांधतोय. आवाजाचं मात्र जमत नाहीये. बॅटरीवरची फेरी, इंजिनाची घरघर नाही. स्पीकरवर नेमकं काय सोडायचं?

गलबत
बॅटरीवरची आहे हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. प्रॉपेलरचा आवाज घ्या. पाणी उथळ झालं की थरथर बदलते, तीही घ्या. त्या फेरीवर मायक्रोफोन बसवलेत का, आणि कुठे?