मकरंद, पराग की मध? डेंगळ्यावरची माशी नेमकं काय नेते

शब्दवेल्हाळ: फेब्रुवारी-मार्चमध्ये बीजोत्पादनाच्या कांद्याचे डेंगळे (टोकाला फुलांचा गोंडा असलेले दांडे) फुलतात, तेव्हा शेतात मधमाशा दिसतात. शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात 'माशा फुलातला मध गोळा करतात, त्याने फलन होते' असं वाक्य आहे. ते बरोबर आहे का? 'मधुरस' हा शब्द कसा वाटतो?

सह्यकडा: फुलात मध नसतोच, मकरंद म्हणजे गोड रस असतो. 'मधुरस' चूक नाही, पण तो पाठ्यपुस्तकातच जास्त भेटतो. माशी मकरंद सोंडेने ओढते, पोटातल्या मधपिशवीत भरते आणि पोळ्यात गेल्यावर दुसऱ्या कामकरी माशीच्या तोंडात देते. तोंडातल्या स्रावाने साखर फुटते, पंखांच्या वाऱ्याने पाणी उडतं. पाणी साधारण २० टक्क्यांपर्यंत उतरलं की पोळ्यातल्या त्या घरावर मेणाचं झाकण बसतं. तिथून पुढे तो मध. म्हणून पेटीतल्या चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं झाकलेली दिसेपर्यंत मध काढायचा नसतो. घाई केली तर बाटलीत फेस येतो आणि मध आंबतो.

कांदेपोहे: म्हणजे मधमाशी फुलावरून मध सोडून सगळं नेते. नावच बदला तिचं.

बीजप्लॉट: सगळं म्हणजे दोनच गोष्टी, मकरंद आणि पराग. कुठली माशी काय नेतेय ते शेतात उभं राहून कळतं. हातभर अंतरावर, आपली सावली डेंगळ्यावर पडणार नाही असं उभं राहा आणि एकाच माशीवर नजर ठेवा. कांद्याच्या फुलात सहा पुंकेसर असतात, मकरंद त्यांच्या बुडाशी. मकरंदवाली माशी डोकं खाली घालून सोंड तिथे खुपसते आणि गोंड्यावर चालत फुलामागून फूल करते. परागवाली पुढच्या पायांनी परागकोश (पुंकेसराच्या टोकावरची परागाची पिशवी) खरवडते, मध्येच उडून हवेत तरंगते, पाय एकमेकांवर घासते आणि परत बसते. त्या तरंगण्यात अंगावरची पूड मागच्या पायांवर थापली जाते, थोड्या मकरंदाने ओली करून. गोळी वाढत जाताना स्पष्ट दिसते. ही धांदल सकाळी जास्त, परागकोश ताजे फुटलेले असतात तेव्हा.

पायावर गोळी कधीच नसलेली, हवेत एकाच जागी स्थिर राहणारी, दोनच पंखांची दिसली तर ती मधमाशी नव्हे, सिरफिड माशी. तीही थोडाफार पराग हलवते, पण मधमाशांच्या मोजणीत मिसळली तर आकडा फसवा येतो. आंब्याच्या मोहोरावर तर अशा इतर माशांचीच गर्दी जास्त असते.

आता 'फलन'. पराग कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडणं म्हणजे परागण (परागीभवनही तेच). फलन त्यानंतर, फुलाच्या आत. माशीचं काम पहिल्या टप्प्यापुरतं. कांद्यात माशीवाचून परागण अडतं, कारण एका फुलाचे परागकोश आधी फुटतात आणि कुक्षी नंतर तयार होते. पराग दुसऱ्या फुलावरून यावाच लागतो. शिवाय कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही. शेजारी धणे किंवा मोहरी फुलली की ती तिकडे वळते, आणि एकदा सवय लागली की त्याच फुलाला धरून राहते. म्हणून मधमाशांच्या पेट्या आधी आणून ठेवू नयेत. साधारण १० टक्के फुलं उमलली की संध्याकाळी आणाव्यात.

शुद्धलेखनी: पत्रकात माशीच्या पायावरच्या जागेलाही 'परागकोश' म्हटलं असेल तर काढा. परागकोश फुलाचा. माशीच्या मागच्या पायावर असते ती परागटोपली.

सह्यकडा: 'पोळे' आणि 'मोहोळ'सुद्धा तपासा. पोळं म्हणजे मेणाचा एक पडदा, मोहोळ म्हणजे माशांसकट अख्खं घर. आग्या आणि फुलोरी माशीच्या मोहोळात एकच पोळं असतं, त्यामुळे तिथे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात. सातेरी माशी अंधाऱ्या ढोलीत एकामागे एक समांतर पोळी बांधते. नावात 'सात' असला तरी मोजून सातच असतील असं नाही.

कांदेपोहे: पोळ्याचं अनेकवचन पोळी. पत्रकात 'पोळी कापा' लिहाल तर लोक तूप शोधतील.

शब्दवेल्हाळ: मग असं लिहितो: 'मधमाशा डेंगळ्यावरून मकरंद आणि पराग नेतात. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पडून परागण होते व बी धरते. फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी टाळावी.'

बीजप्लॉट: शेवटचं वाक्य अपुरं आहे. फुलकिडे वाढले की शेतकरी फवारणारच. 'अगदीच गरज पडल्यास, माशा पेटीत परतल्यावर, संध्याकाळी उशिरा' हे जोडा. सकाळची फवारणी थेट अंगावर येते आणि त्या पिकाला सरावलेल्या माशाच आधी मरतात.

शुद्धलेखनी: आणि छापताना 'मधमाश्या' करा. 'माशी'चं अनेकवचन 'माश्या'. वर सगळ्यांनीच चुकवलंय.