मदत हवी आहे: पावसाळी किनारपट्टीवर रान माजलेले वाफे छाटायचे कसे आणि मुख्य म्हणजे कधी?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. घराभोवतीच्या वाफ्यांना चार वर्षं कोणी धड हात लावला नव्हता आणि आता फाटकापासून पायरीपर्यंत अंग चोरून चालावं लागतं, समुद्र जवळ आहे, पाऊस लागला की आठवडा आठवडा उघडत नाही, आणि या हवेत काहीही खोचलं तरी जगतं याचं आधी कौतुक वाटायचं, आता धडकी भरते. समुद्राच्या बाजूला कडू मेंदीचं कुंपण, त्याला लागून दोन कण्हेरी, मग तीन जास्वंदी, तगर, एक्झोरा, पिवळ्या पानांचा दुरांता (निम्मा हिरवा झालाय, का कोण जाणे) आणि पुढच्या कडेला कर्दळ आणि स्पायडर लिली एकमेकींच्या उरावर बसलेल्या.

आता माझा पराक्रम. गेल्या पावसात ऐन झडीत, माती मऊ आहे, हुरूपही आलाय म्हणून कोयत्याने एक जास्वंद गुडघ्याएवढी करून टाकली. दहा-बारा दिवसांनी बघते तर कापल्या जागेपासून साल काळी पडत खाली उतरत चाललीये, नखाने खरवडलं तर आत हिरव्याऐवजी चॉकलेटी. पाचपैकी तीन फांद्या बुडापर्यंत गेल्या. त्याआधी एकाला बोलावलं होतं, त्याने मशीन फिरवून सगळ्याचा चौकोनी खोका करून दिला, लांबून झकास, पण वाकून आत बघितलं तर नुसत्या काटक्या. दोन महिन्यांत पुन्हा वर झिपऱ्या, खाली उघड्या नडग्या.

तर पावसाआधी छाटू की नंतर? एकदाच सगळं खाली आणू का? की उपटून नवीनच लावू?

ओलीमाती:
ताई, उपटू नका. तुमच्या यादीतली जवळजवळ सगळी झुडपं जुन्या लाकडातून फुटतात. मोरपंखी असती तर म्हटलं असतं जपून, तिच्या तपकिरी भागात शिरलं की पुन्हा हिरवं येत नाही.

जास्वंदीचं झालं ते बुरशीचं काम. बुरशीचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडतात आणि त्यांना ओली, न वाळलेली कापलेली जागा मिळाली की आणखी काय हवं. त्यात कोयत्याने साल उभी चिरते, ती चीर पाणी धरून ठेवते. म्हणून जड छाटणी पाऊस ओसरल्यावर, दोन-तीन दिवस कोरडे मिळतील असं बघून, सकाळी दव वाळल्यावर. पावसाआधीही चालते, पण मग निदान महिनाभर तरी आधी, आणि तेव्हा कडक ऊन असेल तर सावलीत वाढलेल्या आतल्या फांद्यांची साल भाजते. भर पावसात फक्त मोडलेलं, वाटेत येणारं तेवढं काढायचं.

कापताना डोळ्याच्या (फांदीवर कोंब फुटतो त्या जागेच्या) साधारण अर्धा सेंटिमीटर वर, तिरकं, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. वर दोन इंचाचा खुंट सोडलात तर तो सुकतोच आणि सड तिथूनच खाली उतरते. काळ्या पडलेल्या फांद्या आत स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत मागे घ्या आणि दर कापाला पातं स्पिरिटने पुसा. कंटाळवाणं आहे, पण नाहीतर एका झाडाचा रोग आपणच दुसऱ्याला नेऊन देतो.

नडगीवाला:
खोका करणाऱ्या मशीनबद्दल मला फार बोलायचंय पण आवरतो. वरवर कातरलं की टोकांना दाट फुटवा येतो, त्याचं टोपण तयार होतं, आत उजेड जात नाही, मग आतली पानं गळतात. उपाय उलटा आहे. झुडपाच्या बुडाशी बसा (अक्षरशः बसा, उभं राहून हे जमत नाही), सगळ्यात जाड, जुन्या, खरबरीत सालीच्या फांद्या निवडा आणि त्यातल्या एकतृतीयांश जमिनीलगत करवतीने काढा. बाकीच्यांना यंदा हात नाही. पुढच्या वर्षी आणखी एकतृतीयांश. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि मधल्या काळात वाफा बोडका दिसत नाही. एक्झोरा मात्र संथ गडी, त्याला एकतृतीयांशपेक्षाही कमीच छाटा.

कुंपण कातरायचंच तर खाली रुंद, वर अरुंद. बुडाला उजेड मिळाला तरच बूड भरतं.

दुरांताच्या हिरव्या फांद्या जिथून फुटल्यात तिथूनच काढा. हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त, त्या पिवळ्यांना मागे टाकतात. सावलीतही पिवळा रंग उतरतो, तेव्हा शेजारची तगर आधी मोकळी करा.

मीठवारा:
कण्हेरीला हातमोजे घालूनच हात लावा, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि फांद्या जाळू अजिबात नका, धूरही विषारी असतो.

धागाकर्ती:
बापरे, मी तर शेकोटी करणार होते! कडू मेंदीचं काय करू? ती डोक्याच्या वर गेलीये.

मीठवारा:
तिला सगळ्यात शेवटी आणि टप्प्याटप्प्याने. खारा वारा आधी तीच खाते, एकदम खाली आणलीत तर मागच्या जास्वंदीची पानं कडेने करपतील. एका वर्षी थोडी उंची, पुढच्या वर्षी थोडी. आणि भिंतीसारखी गच्च करू नका, साधारण निम्मा वारा गाळून जाऊ देणारं कुंपण चांगलं, गच्च भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करत आपटतो.

अंगठ्यापेक्षा जाड कापांना बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, मिळून १ लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र. भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं नको. स्वच्छ लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी संपवायची.

ओलीमाती:
एक राहिलं. कर्दळीचा दांडा फुलून झाला की पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत काढा. गड्डे उकरून वेगळे करा. आणि मोठ्या पावसात नत्र, पालाश धुऊन जातं, तेव्हा खत एकदम ओतू नका, पाऊस ओसरल्यावर थोडं थोडं. पालापाचोळा पसरा पण बुंध्यापासून चार बोटं लांब.

धागाकर्ती (बऱ्याच दिवसांनी):
अपडेट देते. पाऊस ओसरल्यावर एका जास्वंदीपासून सुरुवात केली. बुडाशी बसले तेव्हा कळलं की मी जिला एक जास्वंद समजत होते त्या दोन आहेत, पिळा घालून वाढलेल्या. पाच जाड फांद्या काढल्या, कापांना निळी पेस्ट. छाटलेल्या फांद्यांचा ढीग दोन दिवस तसाच ठेवला ही चूक, खाली २७ गोगलगायी निघाल्या. आज सतराव्या दिवशी एका खुंटाच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे तीन लालसर कोंब आलेत, आणि काळं कुठेही नाही, रोज खरवडून बघते!

आता कर्दळीचे बादलीभर गड्डे उरलेत आणि एक्झोऱ्याच्या पानांवर काळी काजळी धरलीये, बोटाने पुसली जाते. ही बुरशीच का? फोटो टाकते.

नडगीवाला:
पानं उलटी करून बघा. खाली मावा किंवा खवले कीड असणार, काजळी तिच्या चिकट गोड पाण्यावर वाढते. आधी ती कीड पुसा. आणि रोज खरवडणं थांबवा हो.